पाचदा धुतलेला पट्टा

आमच्या सुरतेच्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजवर माझ्या गाईड सरांच्या हस्ताक्षरातला कागद चिकटवलेला होता: "कडक मिठाच्या पाण्यात पाचदा धुवा." त्याबद्दल प्रश्न विचारायची कोणाची टाप नव्हती. माझीही नव्हती, याचाच जास्त संताप येतो.

माझी पीएचडी एका ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरवर होती. पेशीला बाहेरून संदेश आला की हे प्रथिन डीएनएवर बसून जनुकं चालू करतं. एकट्याने जमत नाही, जोडीदार लागतात. त्याचा एखादा नवा जोडीदार सापडला तर माझी पीएचडी, नाहीतर चार वर्षं पाण्यात. अँटिबॉडी लावलेल्या बारीक मण्यांवर मी ते प्रथिन पकडायचे, मणी धुवायचे आणि त्याला कोण चिकटून राहिलंय ते बघायचे; चिकटलेल्या प्रत्येक प्रथिनाचा फिल्मवर एक काळा पट्टा उमटतो.

एकदा मीठ कमी पडलं आणि फिल्मवर अनोळखी पट्टा उमटला. सरांनी माझ्या वहीत लाल पेनाने लिहिलं, 'कचरा', खाली सही ठोकली आणि नीट धुवायला सांगितलं. पाचदा धुतल्यावर पट्टा गायब. "देखा? था ही नहीं." मग वर्षभर मी मुकाट्याने धूत बसले.

एका संध्याकाळी मी घरी भांडी आपटत होते. पलसाण्याच्या डाइंगमध्ये कापड रंगवण्यात जन्म घालवलेल्या वडिलांनी विचारलं, काय झालं? सांगितलं.

"पाच येळा कशाले वं? पक्का रंगबी निंघी जाई!"

दुसऱ्या दिवशी सरांना न विचारता दोनदाच धुतलं, हलक्या मिठात. पट्टा आला! अँटिबॉडी नसलेल्या मण्यांवर किंवा संदेश न दिलेल्या पेशींत मात्र काही नाही. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. तो कचरा नव्हता. संदेश आल्यावरच येणारा, अलगद धरणारा जोडीदार होता, आणि मी त्याला वर्षभर मोरीत सोडत होते.

फिल्म सरांना दाखवली. पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सर म्हणाले, "मैं तो शुरू से कह रहा था, हल्के हाथ से धोओ." शोध त्यांचा, मी नुसती धुणारी. फ्रिजवरचा कागद गेला होता, चिकटपट्टीचे डाग तेवढे उरले होते. माझं डोकं फिरलं.

मी उठले आणि वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली, लाल 'कचरा' लिहिलेल्या त्याच पानावर.

"सर, ये पढ़के सुनाइए. सबको."

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी बसले नाही.