फक्त पाणी घालायचं होतं

काकांच्या तंबाखूचे सगळे शेंडे मी खुडून टाकले. अकराच्या अकरा रोपांचे. त्यांनी मला फक्त पाणी घालायला सांगितलं होतं.

काका म्हणजे अमेरिकेत केप कॉडच्या किनाऱ्यावर आमच्या भाड्याच्या घराशेजारी राहणारे वाम्पनोआग गृहस्थ. वाम्पनोआग तिथले मूळचे लोक. बाकीचे सगळे नंतर आलेले, कुणी जहाजानं, कुणी माझ्यासारखा एच-वन व्हिसावर. त्यांचे लोक त्यांना 'अंकल' म्हणत, म्हणून मी काका म्हणू लागलो. तो शब्द त्यांना आवडला. माझं हृषीकेश हे नाव मात्र त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही.

बागेतून काही तोडायचं असो की खाडीतून शिंपले काढायचे असोत, काका आधी कमरेच्या चामडी पिशवीतून चिमूटभर सुकी तंबाखू काढून जमिनीवर किंवा पाण्यात ठेवत. "मागायच्या आधी द्यायचं," म्हणत. एकदा त्यांनी माझ्या डाव्या तळव्यावर चिमूट ठेवली, आणि माझा उजवा अंगठा आपोआप चालू लागला.

"काय करतोयस?"

"मळतोय."

"कशासाठी?"

मी खालच्या ओठाकडे बोट दाखवलं. नशीब, चुना मागितला नाही.

"ही तोंडात ठेवायची नाही," काका शांतपणे म्हणाले. "हिच्याबरोबर आपलं बोलणं पाठवायचं." मी ती ओकच्या बुंध्याशी ठेवली आणि हळूच तळवा पँटला पुसला. "पाहिलं मी," ते म्हणाले.

मका, घेवडा, भोपळा बायकांनी लावायचा आणि तंबाखू पुरुषांनी, ही त्यांच्याकडची जुनी वाटणी. काकांची थोरली बहीण त्याच घरात राहायची. तिचा मका कुंपणाबाहेर डोकावायचा. "आमच्या वाटणीतून जेवण निघतं," ती म्हणायची, "आणि याच्याकडे बघा, अकरा रोपं!" अकराच, कारण हिवाळ्यात उंदरांनी बियांच्या डब्यावर हात मारला होता. उरलेलं खसखशीएवढं बी काकांनी सगळं पेरलं. त्यांच्या मामांकडून आलेलं ते बी. ते गेलं की घरातलं संपलं.

हे मला ठाऊक नव्हतं. काका गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले आणि झारी माझ्याकडे आली. मी निपाणीचा. आमच्याकडे तंबाखूला फूल दिसलं की शेंडा खुडतात, म्हणजे पान जाड होतं. ती पिवळट फुलं पाहून माझे हात शिवशिवले. अमेरिकेत आल्यापासून प्रथमच मला एखाद्या गोष्टीतलं खरोखर कळत होतं.

काका वॉकर टेकत परतले. थेट वाफ्यापुढे येऊन थांबले. "फुलं कुठायत?"

"खुडली! आता बघा पानं कशी होतात."

"मला बी हवं होतं," ते म्हणाले. मग उंदरांची गोष्ट सांगितली. ते चिडले नाहीत. प्रत्येक रोपाशी कष्टानं वाकून एकेक चिमूट ठेवत काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"तुझ्यातर्फे माफी मागितली. नाव येईना, म्हणून 'झारीवाला' म्हटलं."

मी धावत घरी गेलो, फोनकार्ड खरवडलं आणि निपाणीला वडिलांना फोन लावला.

"फुटवं काढलंस का रं नंतर?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"का?"

"कंटाळा केला."

"मग गप बस. फुटव्याला फुलं येत्यात. आळशी हाईस म्हणून वाचलास."

तिसऱ्या आठवड्यात पानांच्या बेचक्यांतून आलेल्या फुटव्यांना कळ्या दिसल्या. पण आता शर्यत थंडीशी होती. बोंडं हिरवी असतानाच गारठ्याचा इशारा आला, तेव्हा दिवस मावळायच्या आत आम्ही तिघांनी बहिणीच्या नाताळच्या चादरी रोपांवर घातल्या. अकरा रोपांवर नुसते सांताक्लॉज. सकाळी काकांनी एक चादर उचलून बघितलं, आणि मला बोटानं खूण केली. रोप ताठ उभं होतं. मी तिथंच ओल्या गवतात बसलो. पुढं बोंडं तपकिरी झाली आणि एका सॉसच्या बाटलीत तळाला दोन बोटं बी जमलं. त्या दिवशी काकांनी पहिली चिमूट माझ्या हातात दिली. मी मळली नाही.

पुढे माझं प्रोजेक्ट दूर प्लेनो शहरात गेलं, त्याबरोबर मीही. काका वारल्याचं त्यांच्या बहिणीनं फोनवर कळवलं, आणि त्या उन्हाळ्यात मी भेटायला गेलो. काकांच्या भाच्यानं वाफा दुप्पट केला होता. सगळीकडे पिवळी फुलं. फडताळात बियांच्या तीन बाटल्या, झाकणं उंदरांना न उघडणारी. मी वाफ्याकडे निघालो, तशी बहीण काठी आडवी धरून उभी राहिली.

"जाताना तो मला सांगून गेलाय," ती म्हणाली. "झारीवाला आला तर त्याला पोटभर जेवायला घाल, पण फुलांजवळ एकटा सोडू नकोस."