पुढची ओळ न वाचणारी मावशी

सिस्टरमावशीनं परदेशातल्या तीन वर्षांत पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, चाळीस पानंही वाचली नाहीत, आणि तिच्याइतकं वाचलेलं माणूस मी हिंगोली जिल्ह्यात पाहिलेलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आमच्या हट्टा गावच्या सरकारी दवाखान्यात ती नर्स होती. बाप दुसऱ्याची मेंढरं राखायचा. बाया सुनांवर राज्य करायला लागतात त्या वयात तिनं नोकरी सोडली आणि एका ख्रिस्ती मिशनच्या दवाखान्यात काम करायला आफ्रिकेत, मलावीला गेली. पारावरून कुणीतरी टोमणा मारला, "तिकडं धर्म वाटाय चालली व्हय सिस्टर?" ती म्हणाली, "गोळ्या वाटाय चालले. त्यातून येळ उरला तर बघू."

तिची वाचायची रीत अशी. सकाळी ओट्यावर बसायचं, ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचं. एखाद्या ओळीनं काम सांगितलं की पेन्सिलीनं खूण करून पुस्तक मिटायचं. ते काम होईपर्यंत रोज तीच ओळ. भांडण मिटवण्याविषयीची एक ओळ तिला अकरा दिवस पुरली. बाराव्या दिवशी ती अबोला धरलेल्या शेजारणीकडं विरजण मागायला गेली, तेव्हा पान उलटलं. मी विचारलं, "मावशी, काहून एवढं हळू?" म्हणाली, "पोरी, मेंढरू चरून झालं की बसून रवंथ करतं. नुसतं चरतच गेलं तर पोट फुगून मरतं."

तिकडच्या मिशनला हे रवंथ मान्य नव्हतं. प्रत्येकानं वैयक्तिक वाचनाची वही ठेवायची, रोज कोणता अध्याय वाचला ते लिहायचं, खाली थोडं मनन. वर्षात शास्त्र पुरं झालंच पाहिजे. बाकीचे भराभरा पुढं गेले. मावशी आजाऱ्याला भेटायला जाण्याविषयीच्या एका ओळीवर अडकली. दवाखान्यात आजारी माणसं तिच्याकडं येत होती आणि ओळ तर सांगत होती, तू जा. नदीपलीकडं एक वस्ती होती, अडीच तासांची पायपीट. तिथले आजारी येऊच शकत नव्हते. तिनं परवानगी मागितली. दवाखान्याची हद्द नदीपर्यंतच, असं उत्तर मिळालं. मग ती सुटीच्या दिवशी जाऊ लागली. पण एका दिवसात वस्ती होणार किती? वहीत रोज तीच ओळ, आणि मननाच्या जागी: अजून झाली न्हाई.

सोबतच्या केरळच्या सिस्टरनं समजावलं, "दीदी, लिख दो ना दस अध्याय. कौन देखता है?"

"मैं देखती ना," मावशी म्हणाली.

मुदत संपली तेव्हा व्यवस्थापकांनी शेरा मारला: वैयक्तिक वाचन अपूर्ण, मुदतवाढ नाही. मावशी घरी आली.

मी पत्रकं लिहिणारी पोरगी. उपकेंद्रात डॉक्टर नाही, लिही पत्रक. रस्ता नाही, लिही पत्रक. नियमाच्या नावाखाली माणसाला हाकलणारे लोक मला सरकारात सहन होत नाहीत, मग मिशनमध्ये का व्हावेत? रागारागानं एक पत्रक खरडलं. मथळा दिला, 'सेवेची शिक्षा'. मावशीनं ते बोट ठेवून वाचलं.

"त्या व्यवस्थापकानं बराबर लिहिलं की. वाचन अपूर्णच व्हतं."

"मग तुला काहीच वाटत न्हाई?"

"वाटतं ना. त्या वस्तीत एक बाई सातव्या महिन्यात व्हती. परत येते म्हणून सांगून आले व्हते तिला."

पत्रक मी तिथंच फाडलं.

त्यानंतर तिला एकच ध्यास, पुन्हा जायचं. त्या मिशनची दारं बंद होती. गेल्या वर्षी दुसऱ्या देशातल्या एका लहानशा मिशनचा फॉर्म मिळाला. तो मोबाईलवर भरायचा, म्हणून मी भरत होते. एक रकाना आला: पूर्वी मुदतवाढ नाकारली असल्यास कारण.

"घरची अडचण लिहिते," मी म्हटलं.

"न्हाई. लिही, वाचन अपूर्ण राहिलं. एका ओळीवर थांबले व्हते."

"मावशी, असं लिहिल्यावर कोण घेईल तुला?"

"न्हाई घेतलं तर न्हाई." असं म्हणत होती, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "अन् ती ओळ कोणती, नदीपलीकडं काहून गेले, ते बी लिही."

लिहिलं. मनात तिच्यावर चिडत लिहिलं. आज सांगते, माझ्या हातानं इतका सरळ मजकूर दुसरा लिहिला गेलेला नाही.

सहा आठवडे उत्तर नाही. रोज दारावरून जाताना विचारायची, "वाजला का गं तुझा मोबाईल?" मग एक दिवस उत्तर आलं. इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगितलं: "आमच्याकडं येणाऱ्या आजाऱ्यांपेक्षा येऊ न शकणारे जास्त आहेत. वस्त्या डोंगरावर आहेत, गाडी जात नाही. तुमचा तो रकाना आम्ही दोनदा वाचला. कधी येऊ शकाल?"

मावशीनं पायातल्या चपलांकडं पाहिलं. मग म्हणाली, "बूट घ्यावे लागतील."

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात दुकानदारानं विचारलं, "आजी, नातवासाठी का?"

"मला. डोंगर चढायचाय. घट्ट दे."

निघायच्या दिवशी साडीखाली तेच काळे बूट घालून ती वसमतच्या बसमध्ये चढली. मागं वळून तिनं पाहिलं नाही. बूट नवे होते, प्रत्येक पायरीकडं नीट बघत चढत होती.