खुडूक कोंबडी कळव्याला गेली

आमच्या आईचा हात चांगला, असं डोंबिवलीत, कोपरला आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे. स्वयंपाकाचा नव्हे हं; स्वयंपाक ती यथातथाच करते, मुलगी असून मीच सांगते. पण कोणाची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबली आणि पिसं फुगवून एका जागी बसून राहायला लागली, की तिच्याखाली अंडी ठेवायला आईलाच बोलवायचे. आई आंघोळ करून जायची. टोपलीत तूस पसरायची, एकेक अंडं उजेडाकडे धरून बघायची, मग ठेवायची. तिने ठेवलेलं अंडं सहसा वाया जायचं नाही. "हातगुण आहे हो तुमचा," बायका म्हणायच्या. आई "कसला हातगुण, देवाची कृपा" असं म्हणायची आणि पुढे दिवसभर खूश असायची. बाबा गेल्यावर तिला हळदीकुंकवाला बोलवणं बंद झालं, बारशाला ती स्वतःच मागे उभी राहायला लागली. कोंबड्यांसाठी मात्र बोलावणी यायची. कोंबडीला काय, विधवा नि सवाष्ण सारखीच.

आमचं घर बैठ्या चाळीतलं, शेवटचं. मागे थोडी जागा आहे, दोन्ही बाजूंना बिल्डिंगी उभ्या राहिल्यात आणि मध्ये आमचं शेवग्याचं झाड. तिथेच आईच्या गावठी कोंबड्या. त्यांचं वाण तिच्या माहेरचं, कोकणातलं. तेच वाण कळव्याला मावशीकडेही होतं, कारण दोघी बहिणींनी पिल्लं एकाच घरातून आणलेली. एकीकडे अंडी साठली आणि दुसरीकडे कोंबडी खुडूक झाली, की ती कोंबडी उसनी जायची. पिल्लं निघाली की निम्मी तुझी, निम्मी माझी. आमच्याकडे साखर-दाणे उसने जातात तशी कोंबडी जायची, त्यात कोणाला काही विशेष वाटायचं नाही.

मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले तेव्हा पहिली कोंबडी मेली. आदल्या दिवशी नुसती पेंगत होती. मग हिरवं पाणचट हगायला लागली, चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागली आणि गेली. आई म्हणाली, म्हातारी झाली होती. दुसरी गेली ती तरणी होती, चांगली अंड्यावरची. तिची मान अशी पिळल्यासारखी मागे वळली, की मी घरात जाऊन दार लावून घेतलं.

मग काय, सल्ल्यांचा बाजार भरला. समोरच्या काकू म्हणाल्या, नजर लागली. बिल्डिंगमधले एक गृहस्थ गॅलरीतून ओरडले, बर्ड फ्लू असेल, म्युनिसिपालिटीला कळवतो. अरे, तुमच्या गॅलरीतून कबुतरांची घाण आमच्या पत्र्यावर पडते ती कोणाला कळवू? माझा नवरा मोबाईलवर व्हिडिओ बघून रोज नवीन रोग घेऊन यायचा. एक दिवस मानमोडी, एक दिवस सर्दी, एक दिवस जंत. सगळ्यांची लक्षणं जुळायची आणि एकाचंही औषध लागू पडायचं नाही. आईने लसूण ठेचून हळदीत कालवून गोळ्या भरवल्या. मेडिकलवाल्याने दिलेली पावडर पाण्यात घातली. पाणी पिवळं झालं, कोंबड्या त्याला चोचही लावेनात.

शेवटी मी पोट सांभाळत रिक्षाने कल्याणच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर बिचारे चांगले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, लस दिली होती का? कोंबड्यांना लस देतात हे आईला पटलंच नसतं! ते म्हणाले, लक्षणांवरून चार रोग निघतील, नुसतं ऐकून सांगणं शक्य नाही. मेलेली कोंबडी ताजी असताना बर्फात घालून आणा, तपासणीला पुण्याला पाठवू. आणि बाहेरून नवीन कोंबड्या आत आणू नका. हे त्यांनी दोनदा सांगितलं. आतली बाहेर देऊ नका, असं ते म्हणाले नाहीत. डोंबिवलीत बायका खुडूक कोंबड्या उसन्या देतात, हे त्यांना कुठून सुचणार?

पुढची मेली ती आईने मी उठायच्या आत मीठ घालून पुरलीसुद्धा. मी चिडले. ती म्हणाली, "मग काय फ्रीजमध्ये ठेवू? तुझं दूध असतं तिथे!" त्यानंतरची आम्ही थर्माकोलच्या डब्यात घातली, तर नेमकी जोडून सुट्टी आली. दवाखाना उघडेपर्यंत बर्फाचं पाणी झालं आणि डबा उघडल्या उघडल्या डॉक्टरांनी झाकण लावलं. सडलेल्यातून काही कळत नाही, म्हणाले. कपाळ माझं! पुण्याला पाठवायला पुढे कोंबडीच मेली नाही, कारण मरायला कोणी उरलंच नव्हतं.

एक सोडून. न्हाणीच्या कोपऱ्यात एक लाल कोंबडी खुडूक होऊन बसली होती. बाकीच्या मरत होत्या तेव्हा ती टोपलीतून उठली नव्हती. डोळे स्वच्छ, तुरा लाल, हात लावला की टोचायची. आई तिच्याकडे तासन् तास बघत बसायची. एका सकाळी म्हणाली, "इथे ठेवली तर हीसुद्धा जाईल. ताईकडे पाठवूया. तिच्याकडे अंडी आहेत. वाण तरी राहील." मला ते पटलं. नवऱ्याला पटलं. कोणालाही पटलं असतं. आईने आंघोळ केली, कोंबडीला टोपलीत बसवलं, वरून जुनं पातळ बांधलं, आणि नवऱ्याने ती स्कूटरवर पुढ्यात ठेवून कळव्याला नेली. इतक्या दिवसांत आई पहिल्यांदा पोटभर जेवली.

मावशी रोज फोनवर सांगायची. बसली गं व्यवस्थित. उठून दाणे खाते, परत बसते. मग एक दिवस पिल्लं निघाली, सगळीच्या सगळी. आईने गल्लीत सांगितलं. काकू म्हणाल्या, "बघा, शेवटी तुमचाच हात!" आई रडली, मीही रडले, पोटातलं लाथा मारत होतं, सगळं कसं छान छान चाललं होतं.

नंतर मावशीचा फोन दोन दिवस आला नाही. आईने केला तेव्हा ती म्हणाली, "काही नाही गं, एक जरा पेंगतेय." आईने फोन माझ्या हातात दिला आणि खाली बसली.

मावशीच्या कोंबड्या आमच्यापेक्षा जास्त होत्या. पेंगणं, हिरवी घाण, मागे वळलेल्या माना. पिल्लं तर पटापट गेली. शेजारणीच्या खुराड्यातही शिरलं. मावशी एका शब्दाने आईला बोलली नाही. बोलली असती, भांडली असती, तर फार बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "तुझी मात्र ठणठणीत आहे हो."

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असं होऊ शकतं. कोंबडी स्वतः चांगली दिसते आणि दुसऱ्यांना देते. किंवा तसं नसेलही, कावळ्यांनी आणलं असेल. तपासल्याशिवाय सांगता येत नाही. मी आईला कावळ्यांचं सांगितलं. चांगलं रंगवून सांगितलं.

"टोपलीत कोणी ठेवली तिला?" आई म्हणाली. "कावळ्याने?"

ती एकटी कळव्याला गेली. आजवर तिने घरची कोंबडी कधी स्वतः कापली नव्हती, ते काम बाबांचं. संध्याकाळी परत आली तेव्हा टोपली बरोबर नव्हती. हात मनगटापर्यंत साबणाने घासत मोरीत बसली. वाण संपलं. माहेरचं घर तर कधीच विकलंय, तिथेही आता कोणाकडे नाही.

नंतर गल्लीत कोणाची तरी कोंबडी खुडूक झाली. बोलवायला कोणी आलं नाही. आलं असतं तरी ती गेली नसती.

मुलगी झाली. हॉस्पिटलात सासूबाई होत्या, नवरा होता. आई दाराशीच थांबली, दोन्ही हात पदराखाली.

"घे ना गं," मी म्हटलं.

"नको. सिस्टर घेतील."

मी दमले होते, टाके दुखत होते, डोकं सटकलं. "अगं, तुझी नात आहे! कोंबडी आहे का ती?"

बोलले आणि जीभ चावली. आई बाळाकडे बघत होती.

"म्हणून तर," ती म्हणाली.

आता वर्ष होऊन गेलं. तिने माझं सगळं केलं. डिंकाचे लाडू केले, दुपटी धुतली, माझी पाठ शेकली. बाळाला न्हाऊ घालायला मात्र बाई ठेवायला लावली. मी भांडले, समजावलं, हात जोडले, मावशीलाही बोलायला लावलं. मावशी फोनवर म्हणाली, "वेडी आहेस का तू, तुझा काय दोष?" आई हो हो म्हणाली आणि फोन ठेवून दिला. काय झालं होतं त्या कोंबड्यांना, ते अजून कोणालाही माहीत नाही. मुलगी तशी गुटगुटीत आहे, नजर लागेल अशी.

चालायला लागलीय. धडपडते, पडते, आणि पडली की जवळ जे कोणी असेल त्याच्याकडे दोन्ही हात करते. मी अजून माहेरीच आहे, ऑफिसचं काम घेऊन आत बसलेली असते, त्यामुळे जवळ बहुतेक आईच असते. मग आई मला हाक मारते.