बारा वर्षांची लाल साडी

ट्रंकेतून पांढरी साडी काढून मी हँगरला अडकवली, तशी विभा स्टुलावरून उठली.

"ही कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. तिसऱ्या प्रवेशाला."

"मी ही नेसणार नाही, कुंदाताई."

आवाज चढवला नाही, काही नाही. नुसतं सांगितलं आणि परत आरशासमोर बसली. नाटकाला जेमतेम दीड तास उरला होता. माझं डोकंच सरकलं. नटनट्यांचे नखरे मी जन्मभर पाहिलेत. एकीला रंग जाड करतो, दुसरीला काठ टोचतो. म्हटलं, ही त्यातलीच.

माझा सानपाड्याला ड्रेपरीचा धंदा आहे. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे भाड्यानं देणं. शाळांच्या गॅदरिंगचे मावळे, सोसायटीतले राम-सीता, सगळे आमच्याच ट्रंकांतून बाहेर येतात. नुसते कपडे पोचवून भागत नाही. नेसवायला, पिना मारायला, ऐनवेळी उसवलं तर टाका घालायला आम्ही सोबत जातो. आम्ही म्हणजे मी आणि माझी आई. आई ऐंशीच्या पुढे आहे, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते. घरी आराम कर म्हटलं तर माझ्याआधी चपला घालून दारात उभी.

ही ऑर्डर मैथिली मंडळाची होती. नेरूळच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी त्यांचा वार्षिक कार्यक्रम होता. मंडळाचे सेक्रेटरी झाजी कोपरखैरण्यात इतकी वर्षं राहतात, की त्यांचं मराठी माझ्या भाच्यांपेक्षा चांगलं आहे. नाटक त्यांनीच बसवलं होतं. मिथिला म्हणजे उत्तर बिहारकडचा मुलूख. तिथल्या जुन्या काळातल्या एका राणीची गोष्ट. झाजींनी ती मला फोनवर सांगितली होती. राजा लढाईवर जातो, परत येत नाही. मग राणी स्वतः राज्य चालवते आणि कविताही करते. मी म्हटलं, बस, समजलं. आमच्या धंद्यात राजा रणातून आला नाही, की राणीला पांढरी साडी. हे कोणी विचारत नाही. हात आपोआप त्या कप्प्याकडे जातो.

"हे बघा विभा, राजा गेल्यावर राणी लाल साडीत कशी दिसेल?" मी जरा करवादूनच म्हटलं.

तेव्हा तिनं मला समोर बसवलं आणि समजावलं. ती कॉलेजात संस्कृत शिकवते, बोलणं एकदम स्वच्छ. म्हणाली, राजा मेला अशी बातमी कधी आलीच नाही. त्याचा देह कोणाला मिळाला नाही. त्यांच्याकडची रीत अशी, की माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षं वाट पाहायची. त्यानंतरच दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. तोवर बायको सुवासिनी. राणीनं ती बारा वर्षं गादीवर बसून काढली. न्यायनिवाडा केला, श्लोक लिहिले आणि सगळं भांगात सिंदूर भरून केलं. तिसरा प्रवेश पुतळ्याला अग्नी द्यायच्या आधीचा.

मग तिनं स्वतःचं सांगितलं. तिचा नवरा मर्चंट नेव्हीत. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तो जहाजावर दिसला नाही. खूप शोधलं, सापडला नाही. झाजी तिचे मोठे दीर. आता बारा वर्षं कशाला थांबायचं, म्हणून घरच्यांनी पुढच्याच महिन्यात गावी पुतळ्याचा विधी ठरवला होता. विभा नको म्हणत होती.

"आज सगळ्या समाजासमोर मी पांढऱ्या साडीत उभी राहिले, की झालंच. मग माझ्या नाहीला कोण विचारणार?"

माझी नजर कोपऱ्यात गेली. आई ब्लाउजला हूक लावत बसली होती. तिची सुई थांबली होती.

सारसोळ्याला आमचं घर. मी लहान असताना माझे बाबा होडी घेऊन खाडीत गेले ते आले नाहीत. होडी मिळाली, बाबा मिळाले नाहीत. दहाव्या दिवशी भावकीनं आईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. पुढे आईनं गावातल्या नाटकमंडळींचे कपडे शिवायला घेतले, त्यातूनच हे दुकान उभं राहिलं. पण त्या दहाव्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही. आम्हीही विषय काढला नाही.

आता मी काय करणार? नेसणारी नाही म्हणतेय, पण ऑर्डर झाजींची. मी त्यांना बोलावून घेतलं. ते ग्रीन रूमच्या दारात आले मात्र, विभानं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं रुसली. ते रुसणं नव्हतं. त्यांच्यात धाकट्या भावाची बायको आणि मोठे दीर एकमेकांशी थेट बोलत नाहीत. बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. त्या दिवशी ती तिसरी मी.

"कुंदाताई, त्यांना सांगा, साडी बरोबर आहे. मधे बारा वर्षं गेली हे लोकांना कळायला पाहिजे."

"कुंदाताई, त्यांना सांगा, लोकांना भलतंच कळेल."

दोघांमध्ये हातभर अंतर. दोघांनाही सगळं ऐकू येतंय. तरी मी इकडचं तिकडे सांगत होते, पोस्टमनसारखी. एरवी मी खो खो हसले असते, पण त्या खोलीत कोणाला हसू येत नव्हतं.

झाजी वाईट माणूस नाही, हे आधी सांगते. भावासाठी त्यांनी किती बंदरं पालथी घातली, किती साहेबांचे पाय धरले, ते मला नंतर कळलं. ते दारातच उभे राहिले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "दाराची बेल वाजली की ही धावते. तीन वर्षं मी बघतोय. माझ्यानं नाही बघवत आता. एकदा पांढरं नेसली की सुटेल बिचारी."

हे 'त्यांना सांगा' म्हणून नव्हतं. ते मी पोचवलं नाही.

विभा भिंतीकडे बघूनच म्हणाली, "त्यांना सांगा, बेल वाजली की मी धावणारच. पण मी नोकरी करते, घर चालवते, मुलीचा अभ्यास घेते. वाट बघते म्हणून हातावर हात ठेवून बसलेय का मी?"

हे मात्र मी शब्द न् शब्द पोचवलं. जरा जोरातच पोचवलं म्हणा ना.

झाजींनी घड्याळ पाहिलं. त्यांची एक अडचण खरी होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रवेशात बारा वर्षं उलटतात. राणी तीच झगझगीत लाल साडी नेसून आली, तर लोकांना ती कालचीच गोष्ट वाटणार. स्टेजवर काळ बोलून कळत नाही, तो कपड्यात दिसावा लागतो. एवढं मलाही मान्य होतं, आणि पुढे काय ते सुचत नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आई म्हणाली, "कुंदे, च्यावाल्याला सांग, बिनदुधाचा काला च्या दे बादलीभर."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या कामात कपडा जुना करणं म्हणून एक प्रकार असतो. नवं कापड स्टेजवर वापरलेलं, विटलेलं दिसावं म्हणून ते मुद्दाम बिघडवायचं. आणि मुख्य पात्राची साडी आम्ही कायम जोडीनं नेतो, एक फाटली तर दुसरी हाताशी असावी म्हणून. म्हणजे दुसरी लाल साडी ट्रंकेत होतीच.

मी झाजींना विचारलं, "काळ गेलेला दिसल्याशी मतलब ना? मग कसा दाखवायचा ते आमच्यावर सोडा."

"नाही दिसला तर?"

"तर पांढरी," मी म्हणून गेले. विभानं वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

हॉलच्या कँटीनवाल्यानं एक शब्द न विचारता बादलीभर कडक काळा चहा उकळून दिला. देव त्याचं भलं करो. साडीचे चुरगळून बोळे केले आणि त्यात बुडवले. सपाट बुडवली तर रंग सारखा चढतो, खोटा दिसतो. बोळा केला की कुठे गडद, कुठे फिकट, अगदी वापरल्यासारखं होतं. पिळून पंख्याखाली धरली, मग इस्त्रीनं वाळवली. खांद्यावर आणि गुडघ्यांवर, जिथे कपडा खरोखर झिजतो तिथे, पाय घासायची वजरी फिरवली. जरीवर मुलतानी माती फासली, तिची चमक बसली. आईनं पदराचं टोक उसवलं आणि रफू करून पुन्हा जोडलं. जोडलेलं दिसावं असं जोडलं. काठ थोडा ओला राहिला, पण तेवढं टेन्शन घ्यायला वेळ नव्हता.

पहिले दोन प्रवेश छान झाले. मधे पडदा पडला तसे आम्ही विभाचे दागिने उतरवले. लाखेच्या बांगड्या तेवढ्या ठेवल्या. कानशिलांवर पांढरी पावडर चोळून केस पिकवले. डोळ्यांखाली सावली दिली. जुनी केलेली साडी नेसवली. शेवटी मी सिंदूर घेतला, तर तिनं माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, हा मीच भरते. ताजा, ठसठशीत भरला.

पडदा उघडला. अंगावरचं सगळं विटलेलं, केस पिकलेले आणि भांगातला सिंदूर मात्र आज सकाळी भरल्यासारखा. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला, मग त्यांच्या शेजारणीनं. राणीनं एका शेतकऱ्याचा तंटा सोडवला, सरदाराला झापलं, मग बोरू उचलला आणि स्वतःचे श्लोक म्हणाली. मला संस्कृतातलं ओ की ठो कळत नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. समोरच्या विंगेत झाजी उभे होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. माझ्याशेजारी आई, खांबाला धरून, शेवटपर्यंत उभी राहिली.

नाटक संपल्यावर विभा ग्रीन रूममध्ये आली. आई तिच्या खांद्यावरच्या पिना काढायला लागली. काढता काढता म्हणाली, "मना कोनी इचारलाच नवता. तू सांगितलास. बरा केलास पोरी."

एवढंच. विभाला आमचं काही माहीत नव्हतं, तरी तिनं आईचा हात धरला आणि सोडला नाही. मी पाठ करून ट्रंक आवरत राहिले. डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, कुठल्या घडीवर कुठली घडी ठेवली देव जाणे.

मग दारात झाजी. विभानं पदर पुढे ओढला.

"कुंदाताई, त्यांना सांगा, पुढच्या महिन्यात गावी कोणी जाणार नाही. बारा म्हणजे बारा."

 विभा हळूच म्हणाली, "त्यांना विचारा, सकाळपासून काही खाल्लंय का."

मी विचारलं. नव्हतं खाल्लं.

या गोष्टीला बरेच महिने झाले. विभाचा नवरा अजून आलेला नाही, खोटं कशाला सांगू. ती मधूनमधून दुकानात येते, येताना मखाने आणते. आईशी गप्पा मारते, आणि आई तिच्याशी बाबांबद्दल बोलते. बाबांना शीळ घालायची हौस होती आणि एक सूर धड लागत नव्हता, हे मला या वयात कळलं, तेही विभामुळे. दुसऱ्याच्या नाटकाला कपडे घेऊन गेले आणि माझे बाबा घेऊन आले. विभाचे, त्या राणीचे, कँटीनवाल्याचेही माझ्यावर फार उपकार आहेत.

लाल साडी पुन्हा भाड्यानं जायच्या लायकीची राहिली नाही. ती दुकानात वेगळी ठेवलीय. आणि धंद्यात एक सुधारणा केली. राजा परत येत नाही अशी ऑर्डर आली, की ट्रंक भरायच्या आधी मी राणीचं काम करणारीला फोन लावते आणि विचारते, बाई, तुम्ही काय नेसणार?