केतकीची बेकरी आणि माझं मत

नाशिकहून सकाळी सहाला निघालेली बस खलघाटला नर्मदेच्या पुलावर आली तेव्हा साडेबारा वाजले होते. नदी भरून, गढूळ वाहत होती. बसमधल्या दोघीतिघींनी हात जोडले. मी पुढे चहा कुठे मिळेल ते बघत होते. मग मानपूरचा घाट, महू, आणि तीनच्या सुमाराला इंदूर. शहर स्वच्छ आहे असं सगळे सांगतात. आहे.

मी फिरायला गेले नव्हते. नाशिकला माझी खानावळ आहे, बावीस वर्षं चालवते आहे. माझी मावसबहीण शैला इंदूरला दिलेली. तिच्या सासरचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. तिचे यजमान सुरेशराव बँकेतून निवृत्त झालेत. त्यांची मुलगी केतकी पुदुच्चेरीला दोन वर्षं राहून फ्रेंच बेकरीचं काम शिकून आली आणि गेल्या वर्षी तिने इंदूरच्याच परदेशीपुरा भागात छोटं दुकान टाकलं. आता जागेच्या मालकाला पुढच्या वर्षाचं उत्तर हवं होतं. सुरेशरावांनी फोनवर मला सांगितलं होतं, "ताई, तुम्ही खाण्याच्या लाइनमधल्या. तुम्ही येऊन बघा. तुम्ही बोलाल ते फायनल." केतकीनेही ते मान्य केलं होतं. म्हणजे दुकान ठेवायचं की मोडायचं, ते मी सांगायचं होतं.

केतकीने मला दारातच गाठलं. "मावशी, तुम्ही परवा सकाळी सात बजे या. उद्या नका येऊ, उद्या पूर्ण दिवस केकची ऑर्डर आहे. परवा एकदम ताजा खिलवते."

"सात म्हणजे सातला येईन."

"आणि खाली पेट या. पप्पा पोहे पुढे करतील, तर साफ नाही बोलायचं."

"वा! मेहमानाला पोहे पण नाही द्यायचे?" सुरेशराव म्हणाले. "इंदूरमध्ये राहून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे झालेच. वर शेव, कांदा आणि जीरावण (तिकडचा आंबट-तिखट मसाला). मग मी सियागंजात गेले. किराण्याचा ठोक बाजार, हातगाड्या, हमाल, "बाजू, बाजू" अशी आरोळी. खानावळीसाठी धणे, मसाला वेलची आणि जीरावण घेतलं. साडेपाच वाजत आले होते. पिशव्या घेऊन रिक्षात बसले आणि घराऐवजी परदेशीपुरा सांगितलं.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. दुसऱ्याची खानावळ जोखायची तर न सांगता आणि शेवटच्या पंगतीला जायचं. पहिल्या पंगतीला सगळेच चांगलं वाढतात. मी आजवर आचारी याच पद्धतीने निवडले आणि पस्तावले नाही.

केतकी केक पोहोचवायला गेली होती. गल्ल्यावर मीनाबाई म्हणून मदतनीस होत्या, त्या मला ओळखत नव्हत्या. काचेच्या कपाटात चार क्रोसाँ (लोण्याचे पदर घालून भाजलेला, चंद्रकोरीसारखा पाव) आणि तीन लिंबाचे टार्ट (बिस्किटासारख्या वाटीत भरलेली मलई) होते. खुर्च्या रिकाम्या. एक गृहस्थ स्कूटर उभी करून आत आले, कपाटात वाकून बघू लागले.

"बेन, ये तो अपनी खारी है, टेढ़ी वाली. सेंव डाल के मिलेगी?"

"भिया, इसमें सेंव नी डलती," मीनाबाई म्हणाल्या.

"तो फिर इंदौर में रखी काहे को है?"

ते काही न घेता गेले. मी हसले. आज त्या हसण्याचीही लाज वाटते.

मी एक क्रोसाँ आणि एक टार्ट मागवला. क्रोसाँ पावसाळी हवेने सादळला होता. तोडताना चिवट लागला, ओढावा लागला. टार्टची लिंबाची मलई उत्तम होती, पण खालची वाटी मऊ पडलेली. मी अर्धं टाकून उठले तेव्हा मीनाबाई म्हणाल्या, "दीदी, आपको सुबह आना था." हे प्रत्येक दुकानदार म्हणतो, असं मनाशी म्हणत मी पिशव्या उचलल्या.

संध्याकाळी पानावर बसल्याबरोबर सुरेशरावांनी विचारलं, "मग ताई?"

"मावशी उद्या येणार आहेत ना," केतकी म्हणाली.

"उद्याची गरज नाही. मी आज जाऊन आले," मी म्हटलं. "तुझ्या हाताला चव आहे, पण हे इथे चालायचं नाही. गिऱ्हाईक नाही, माल टिकत नाही. दुकान सोड आणि नोकरी बघ."

"किती वाजता गेल्या होत्या?"

"साडेपाच."

तिने आपलं ताट उचललं. शैला उगाच मला आणखी भात वाढत राहिली. सुरेशराव हात धुऊन फोन घेऊन गॅलरीत गेले.

सकाळी मी सातला गेले, येईन म्हटलं होतं म्हणून. दुकानाबाहेर सात-आठ माणसं उभी होती. कुणी फिरून परतलेले, कुणी कामावर निघालेले. देपालपूरहून दूध घेऊन येणारा एक म्हातारा आत डोकावून सांगत होता, "बाई, म्हारे सारू चार राखजो, वो परत वाला" (माझ्यासाठी चार ठेवा, ते पदरवाले). केतकी पहाटेपासून कामाला लागलेली, कपाळाला मैदा. तिने मला ताटली दिली.

दाबल्याबरोबर वरचा पदर कुरकुरून फुटला आणि चुरा माझ्या पदरावर सांडला. आत जाळी पडलेली, हलकी, ओलसर. आधी लोणी लागलं, मग किंचित आंबूस चव, मग पुन्हा लोणी. मी बावीस वर्षं लोकांना जेवू घालते आहे. हात कशाला म्हणतात ते मला कळतं. मी एक संपवला आणि न विचारता दुसरा घेतला.

"दहा बजेपर्यंतच असा राहतो," केतकी म्हणाली. "नंतर जे उरतं ते पण ठेवते. काचेचं कपाट खाली, रिकामं चांगलं नाही दिसत, असं पप्पा बोलतात."

"मग काल रात्री सांगायचं नाहीस?"

"सांगून चव कळते का, मावशी?"

मी तशीच घरी गेले. सुरेशराव पेपर वाचत होते. "सुरेशराव, मी चुकले. दुकान चालू ठेवा," मी म्हटलं.

"ताई, मी तर रात्रीच मालकाला बोलून टाकलं. त्याच्याकडे एक मोबाइलवाला तयारच होता."

"मग आत्ता फोन करा."

त्यांनी पेपरची घडी घातली. "आता जबान दिली ना. आणि तुम्ही बोलल्या ते बराबरच होतं." त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. उत्तर त्यांच्याकडे आधीपासून होतं, फक्त ते बोलायला दुसऱ्याचं तोंड हवं होतं. मंडईत माणूस बघून भाव ओळखणाऱ्या मला हे दिसलं नव्हतं. मी नंबर घेऊन मालकाला स्वतः फोन केला. "मैडम, बात हो गई," तो नम्रपणे म्हणाला.

दहाच्या बसवर केतकी क्रोसाँचा खोका घेऊन आली.

"मी चुकले गं," मी म्हटलं.

"तुम्ही जे खाल्लं ते बोलल्या, मावशी. झूठ तर नाही ना बोलल्या." ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

सेंधव्याला बस थांबली, भजी खाल्ली. तेल जुनं होतं. साडेसातला घरी पोहोचले. आमच्या यजमानांनी खोका उघडून एक तुकडा तोडला. "हे का ते फ्रेंच? जरा सादळलंय. ठीक आहे, पण यासाठी वेगळं दुकान कशाला?"

"सकाळी खायला हवं होतं," मी म्हटलं.

"बरं, मग उद्या सकाळी खाऊ," म्हणून त्यांनी झाकण लावलं.

त्या जागेत आता मोबाइलची कव्हरं लटकतात. केतकी एका हॉटेलच्या किचनमध्ये लागली आहे, तिथे तिला सँडविचचं काम आहे. शैला फोनवर हे सहज सांगते, तिच्या मनात माझ्याबद्दल काही नाही. माझ्या मनात आहे. भाजीवाल्याला, गॅसवाल्याला, सुट्टी मागणाऱ्या आचाऱ्याला मी रोज "उद्या सांगते" म्हणते. त्या संध्याकाळी पानावर बसून तेवढे दोन शब्द मला म्हणता आले नाहीत.