मावशीच्या लग्नाची खबर

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या मावशीने पन्नाशी उलटल्यावर लग्न ठरवलं, तेव्हा शेजारणींनी तोंडात बोटं घातली. नवरदेव म्हणजे मागच्या गल्लीतला कुलूपवाला. विधुर, सरळमार्गी, पण बोलण्यात भलताच कंजूष.

लोकांच्या बोलण्याची मावशीला फिकीर नव्हती. फिकीर होती ती भिंगरीची. ही नऊ वर्षांची पोर तिच्या पोटची नव्हती. बालकल्याण कार्यालयाने तिच्याकडे सांभाळायला दिली होती. कायदा स्पष्ट होता. घरात कुणी राहायला येणार असेल, कुणी जाणार असेल, तर कार्यालयाला आधी कळवायचं.

"उद्या ऑफिसला फोन करते," रविवारी जेवताना मावशी म्हणाली.

भिंगरीने ताट सरकवलं. "नको ना सांगूस! काकांना येऊ दे, पण ऑफिसला नको."

"का गं?"

"मागच्या घरी नवे काका राहायला आले होते. मग ऑफिसच्या बाई आल्या आणि मला घेऊनच गेल्या."

"तिथल्या काकूंनी कळवलं होतं का?"

"नाही. लपवलं होतं. मलाही गप्प बसायला सांगितलं होतं."

"मग राणी, लपवलं म्हणूनच नेलं तुला."

"तेच ते! नेलं ना शेवटी!" भिंगरी रडायला लागली.

संध्याकाळी कुलूपवाल्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पोर जाणार असेल, तर लग्न राहू दे."

"आठवड्यातून एकदा तोंड उघडता, आणि त्यातून हे बाहेर पडतं?" मावशी कडाडली. पण मनात तिच्याही तेच घोळत होतं. खरंच नेली तर?

सोमवारी तिने भिंगरीला शेजारी बसवलं, फोनचा आवाज मोठा केला आणि नंबर लावला. काही झाकायचं नव्हतं, मग मुलीपासून तरी का झाकायचं? पलीकडच्या अधिकारी बाई आधी हसल्या, अभिनंदन म्हणाल्या आणि मग कामाला लागल्या. नवरदेवांची पोलिसांकडून चौकशी होईल, आम्ही घरी येऊ, मुलीशी एकटीशी बोलू. तोवर त्यांनी मुक्कामाला राहायचं नाही.

"आणि मी?" भिंगरी मध्येच ओरडली.

"तू कुठे जाणार? तू आहेस तिथेच," बाई म्हणाल्या.

त्यानंतर कुलूपवाला रोज जेवायला यायचा आणि हात धुऊन मुकाट निघून जायचा. "जावईबापू, हाकललं वाटतं?" असं शेजारणी खिडकीतून विचारायच्या. तो नुसता मान हलवायचा. भिंगरीला त्याची दया यायला लागली. एकदा तर तिने त्याला जिन्यापर्यंत सोडायला जाऊन सांगितलं, "थोडेच दिवस काढा हो."

अधिकारी बाई आल्या. दार लोटून भिंगरीशी बोलल्या. काका कसे वाटतात?

"बोलत नाहीत फारसे," भिंगरी म्हणाली. "पण माझ्या खोलीत यायच्या आधी दार वाजवतात. मी नको म्हटलं तर येत नाहीत."

मंजुरी आली. लग्नाच्या नोंदणीला भिंगरीने साक्षीदार व्हायचा हट्ट धरला. कारकुनाने वयाचं कारण सांगितलं, तरी ती सही होईपर्यंत टेबलाला चिकटून उभी राहिली. परतताना तिघं रस्ता अडवून चालत होती, आणि कुलूपवाल्याची आरामखुर्ची कुठे ठेवायची यावरून भिंगरी आणि मावशीची चांगलीच जुंपली होती.