मजीदभाईचा चौथा बांबू

गुप्त साक्षीदाराचा फ्लेक्स लावणारा जगात मी पहिलाच असेन. ‘आंतरराष्ट्रीय न्यायालयात साक्षीसाठी निवड झाल्याबद्दल कडूबामामांचे हार्दिक अभिनंदन!’ वर फेटा बांधलेले मामा, खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेला मी. उस्मानपुऱ्यात फारूखकडून छापून घेतला, मजीदभाईच्या मंडपातले चार बांबू मागून आणले आणि पडेगावच्या रस्त्याला उभा केला. नाव फुटू द्यायचं नाही, हे मामांनी मला सांगितलंच नव्हतं. मला सांगणं म्हणजे गावाला सांगणं, असं त्यांचं मत. मामीकडून जे अर्धंमुर्धं कळलं, त्यावर मी फ्लेक्स छापला.

मामा फौजेत स्वयंपाकी होते. आफ्रिकेत शांतिसेनेच्या छावणीत असताना तिथल्या एका टोळीचा म्होरक्या बोलणी करायला आला आणि दिवसभर त्यांच्या चुलीपाशी बसून राहिला. नेमकं त्याच दिवशी एक गाव जाळल्याचा खटला आता त्याच्यावर चालू होता. तो तिथं नव्हता, हे सांगणारे मामा एकटेच उरले होते. त्याचे वैरी अजून बंदुका बाळगून होते, म्हणून साक्षीदाराचं नाव झाकलेलं.

फ्लेक्स बघून मामा माझ्यावर ओरडले, नाव झाकायचं होतं म्हणून. मी उतरवायला पळालो, तर दौलताबादला निघालेला एक परदेशी पाहुणा गाडीतून उतरून त्याचाच फोटो काढत होता. झालं. तेव्हापासून मोटारसायकल दारापुढं हळू झाली की मामा गोठ्यात. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन ताटकळत उभा, आणि मामी आतून त्याच्या बापाचं नाव विचारतेय. हसायला यायचं, पण रात्री कुत्रं भुंकलं की मीही उठून कडी बघायचो.

आरोपीच्या वकीलबाईंचा फोन आला. दुभाष्या हिंदीतून सांगत होता, चेहरा दिसणार नाही, आवाज बदलू; तरी नको वाटत असेल तर जबरदस्ती नाही.

“नाय म्हणा,” मामी म्हणाली. “खुनी माणसापायी जीव कशाला घालवता?”

मामांनी फोन कानापासून लांब धरला.

“असंल खुनी. बाकीच्या दिवसांचं त्याचं तो भरंल. पर त्या दिवशी तो माझ्यापुढं जेवत व्हता. मी नाय बोललो तर हे कोण सांगंल?”

साक्ष शहरात एका बंद खोलीतून, पडद्यावर झाली. समोरच्या वकिलानं म्हणे खोदून खोदून विचारलं, त्यानं काय खाल्लं? खिचडी, मामा म्हणाले, आणि त्यानं हातानं खूण करून वरून मीठ मागून घेतलं. बाहेर आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

निकाल अजून लागायचाय. मजीदभाई भेटला की बांबू मागतो. तीन मी पोचवले. चौथा मामा उशाशी घेऊन झोपतात, आणि तो मागायचं तोंड मला नाही.